बुटकं रोप आणि लहान रोप
(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवानिमित्त लॉबीत तीन फुटी फिशटँक बसवायचा ठराव आपण मंजूर केला. त्यासाठी सर्वांनी वर्गणी दिली. मासे मुलं निवडणार आहेत. रोपांविषयी मी चार शब्द बोलावेत, असं सचिवांनी सुचवलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी पाण्यातली रोपं वाढवतो, हे आता सगळ्या विंगना ठाऊक आहे!

टाकीचा नियम साधा आहे. उंच रोपं मागे, बुटकी पुढे. पुढे मोठी जात लागली तर हळूहळू मासे पानांआड जातात. लॉबीसाठी आपल्याला सावकाश वाढणारी रोपं हवीत. त्यांना उजेड कमी लागतो, दर रविवारी कात्री घेऊन बसावं लागत नाही. पण अडचणही तीच आहे. घेतलेलं रोप खरंच बुटक्या जातीचं होतं की नाही, हे कळायला कित्येक महिने जातात. तोवर पावती हरवलेली असते. म्हणून ओळख खरेदीच्या वेळीच पटली पाहिजे.

यातलं मुख्य रोप म्हणजे ॲनुबियस. हे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं, ओढ्याकाठी दगडाला धरून राहणारं, आपल्या अळूच्या कुळातलं. शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये इजिप्तच्या अनुबिस देवावरून हे नाव ठेवलं. त्यातल्या बार्टेरी जातीचा बुटका प्रकार म्हणजे 'नाना'. हे आपले नाना नव्हेत, लॅटिनमध्ये नाना म्हणजे बुटकी! नानाचं पान साधारण बोटाएवढं. त्याहून बुटका 'पेटिट', त्याचं पान अंगठ्याच्या नखाएवढं किंवा जरा मोठं. पेटिट महाग असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. मोठ्या जातीचं कोवळं रोपही लहानच दिसतं. टिश्यू कल्चरच्या डबीत तर सगळीच रोपं लहान असतात.

बँकेत सही तपासताना आम्ही तिचा आकार बघत नसू. जागा कमी असली की माणूस सही बारीक करतो. वळण मात्र बदलत नाही. रोपाचंही तसंच आहे. वळण कुठे बघायचं, ते सांगतो.

पहिली खूण खोडाची. ॲनुबियसचं खोड आल्यासारखं आडवं असतं आणि गळालेल्या पानांचे वण त्यावर राहतात. खोड लांब, वण पुष्कळ आणि जवळजवळ, तरीही पानं लहान, तर रोप वयाने मोठं आणि जातीने बुटकं समजावं. खोड इवलंसं आणि वण दोन-चारच असतील, तर ते अजून बाळ आहे.

दुसरी खूण नव्या पानाची. शेवटची चार पानं क्रमाने बघा. प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठं असेल तर रोप अजून वाढतंय. चारही सारखी असतील तर ते आपल्या मापावर आलंय.

तिसरी खूण देठाची. नाना आणि पेटिट यांचे देठ आखूड, पानं खोडालगत. पण निव्वळ देठावर विसंबू नका, उजेड कमी पडला की तोही लांबतो.

चौथी खूण सर्वांत भरवशाची, फुलाची. अळूसारखंच एक आवरण आणि आत दांडा. एवढ्याशा रोपाला फूल आलं असेल तर ते प्रौढ आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मोठ्या रोपाचा छोटा तुकडा तोडून लावला तर सुरुवातीची पानं लहानच येतात. तुकडा ताज्या कापाचा दिसला तर जपून.

दुसरं रोप क्रिप्टोकोरिन पार्वा, श्रीलंकेतलं, त्या वंशातलं सर्वांत लहान. पाण्याखाली त्याचं पान इतकं अरुंद होतं की देठ कुठे संपला आणि पान कुठे सुरू झालं ते चटकन कळत नाही. पान रुंद, देठापासून वेगळं दिसलं, तर दुसरी जात असू शकते. पार्वाला उजेड जरा जास्त लागतो, म्हणून दिव्याखाली लावू. याच वंशातलं रेट्रोस्पायरॅलिस आपल्या सह्याद्रीच्या नद्या-ओढ्यांत असतं. त्याची पानं फितीसारखी लांब, पुढच्या रांगेत ती चालणार नाहीत. आणि कोणी ती उपटूनही आणू नयेत.

परवा बी विंगमधल्या एका छोट्या मुलीने माझं पेटिट बघून विचारलं, "आजोबा, हे वाढतच नाही, मेलंय का?" मी म्हटलं, "अगं, महिन्याला एखादं पान, हीच त्याची चाल." अशी रोपं लोक मेली समजून फेकून देतात, म्हणून सांगतो.

माझी सूचना अशी. रोपं आधी घेऊन तीन महिने वेगळ्या टबात ठेवू. मुलांनी दर महिन्याला नव्या पानाची लांबी पट्टीने मोजून वहीत लिहावी. ज्यांचं माप स्थिर राहील ती पुढे, ज्यांचं वाढत जाईल ती मागे. पैसे वाया जाणार नाहीत आणि मुलांना निरीक्षणाची सवय लागेल. ॲनुबियस दगडाला दोऱ्याने बांधायचं. आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, एवढं लक्षात ठेवा.

कोणाला घरच्या टाकीसाठी नानाचा तुकडा हवा असेल तर संध्याकाळी अवश्य या, चहाही होईल.