धरणाच्या पाण्याचा ताप आणि उपग्रहाची नजर



गोहलपूरच्या ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली, तिच्या हीरक महोत्सवात बोलण्याचा मान मिळाला, हे मी माझे भाग्य समजतो. आज मी ज्या प्रदूषणाविषयी बोलणार आहे, त्याला रंग नाही आणि वासही नाही. ते प्रदूषण म्हणजे पाण्यात सोडलेली उष्णता.

वीज केंद्रात निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा वाफ निववणाऱ्या पाण्यात उतरतो. वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; तीस अंशांना तो साडेसातवर येतो. पाणी तापले की माशांचा श्वास कोंडतो, तो असा.

आपल्या राज्याच्या पूर्व सीमेवर रिहंद धरण १९६२ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाकाठी १९८२ साली सुरू झालेले सिंगरौलीचे औष्णिक केंद्र त्याच जलाशयाच्या पाण्यावर चालते. एवढ्या विस्तीर्ण पाण्यात होडीतून तापमापक किती ठिकाणी बुडवणार? हे काम उपग्रह करू शकतो. २०१३ साली सोडलेला लँडसॅट ८ दर सोळा दिवसांनी त्याच प्रदेशावरून जातो आणि शंभर मीटरच्या चौकटींत पाण्याचे अवरक्त प्रारण मोजतो. ऊन पाण्याचा पट्टा त्या चित्रात वेगळा उमटतो. मात्र उपग्रहाला पाण्याचा केवळ वरचा पातळ थर दिसतो आणि पावसाळ्यात ढग आड येतात. म्हणून होडी आणि तापमापक यांना सुट्टी नाही.

आता आपल्या नर्मदेकडे वळू. बरगी जलाशयाकाठी, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे सातशे मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. शीतकरण मनोरे उभारले, तर बरीचशी उष्णता हवेत सोडता येते. प्रकल्प असावा की नसावा, हा आजचा विषय नाही. परंतु पाणी आज जसे आहे, त्याची नोंद आजच व्हायला हवी. उथळ पाणी वैशाखात आपोआपही तापते. आधीची नोंद नसेल, तर उद्या कोळ्यांची तक्रार सिद्ध होणार नाही आणि अधिकाऱ्यांची ग्वाहीही पटणार नाही.

लँडसॅटचा जुना चित्रसंग्रह २००८ पासून विनामूल्य खुला आहे. विद्यार्थी मित्रहो, तो उघडा, बरगीची वर्षावर्षांची चित्रे शेजारी ठेवा आणि वही सुरू करा. ज्या नर्मदेचे पाणी आपण पितो, तिच्यासाठी एवढे आपल्या हातून व्हावे.