वृक्षांची छाटणी आणि वन्यजीवांचे रक्षण

(परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथे शेतकरी, ग्रामपंचायत सदस्य आणि रस्ते व वीजवाहिन्यांच्या कामांवरील कामगार यांच्यापुढे केलेले भाषण)



वन्यजीवांचे रक्षण असा शब्दप्रयोग कानी पडला की, ताडोबाचा वाघ किंवा मेळघाटचे घनदाट अरण्य आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे काम वनखात्याचे, ते दूर कोठेतरी जंगलात चालते, आपल्या शेतशिवाराशी त्याचा संबंध नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत परभणी जिल्ह्यापुरती तरी बाजूला ठेवावी, एवढीच माझी आज आपणांस विनंती आहे.

राज्यात वनक्षेत्र अत्यंत कमी असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते. गोदावरी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यातील ही काळी, कसदार जमीन पिढ्यान्‌पिढ्या नांगराखाली आहे. मग येथील पाखरांनी आणि लहानमोठ्या प्राण्यांनी राहावे कोठे? धुऱ्यावरची बाभूळ, विहिरीच्या काठचे झाड, रस्त्याकडेचा कडुलिंब, गावाच्या वेशीतला वड, देवळामागची चिंच, गायरानातले गवत आणि ओढ्याकाठची झुडपे हेच त्यांचे अरण्य होय. या अरण्याला कुंपण नाही, पहारेकरी नाही. त्याचे भवितव्य ठरते ते आपल्या हातातील कुऱ्हाड, कोयता आणि काडेपेटी यांच्या वापरावर.

झाडाची फांदी तोडूच नये, असे मी म्हणणार नाही. वीजतारांवर झुकलेली फांदी वेळीच काढली नाही तर वादळात तार तुटते आणि माणसे व जनावरे दगावतात. रस्त्यावर आलेली वाळकी फांदी वाटसरूच्या जिवावर बेतू शकते. पिकावर सावली पडते म्हणून शेतकरी बाभूळ विरळ करतो, शेळ्यांसाठी पाला छाटतो, शेताला कुपाटी घालण्यासाठी काट्या तोडतो. ही सर्व कामे गरजेची आहेत. प्रश्न आहे तो वेळेचा आणि पद्धतीचा. त्याच कामाला महिनाभर आधी किंवा दोन महिने नंतर हात घातला तर एक फांदी जाते. चुकीच्या वेळी घातला तर फांदीबरोबर पाखरांची एक संपूर्ण पिढी जाते.

घरट्यांचे पंचांग

शेतकऱ्याला नक्षत्रांचे पंचांग पाठ असते. तसेच पाखरांचेही एक पंचांग आहे. पोपट, पिंगळा आणि तांबट यांची वीण साधारणतः माघापासून चैत्रापर्यंत चालते. यांपैकी तांबट स्वतः वाळक्या फांदीत भोक कोरतो, तर पोपट आणि पिंगळा झाडाच्या ढोलीचा आश्रय घेतात. नीलपंख, ज्याला कित्येक ठिकाणी चास म्हणतात व ज्याचे दसऱ्याला दर्शन शुभ मानले जाते, तो मार्च ते जून या काळात ढोलीतच अंडी घालतो. तित्तर आणि टिटवी यांची अंडी तर जमिनीवरच असतात. पहिले गवताच्या आडोशाला, दुसरी उघड्या माळावर. पाऊस सुरू झाला की सुगरण, ढोकरी आणि गायबगळे यांची पाळी येते. त्यांची घरटी आश्विनाच्या तोंडापर्यंत भरलेली असतात. होला तर जवळजवळ बारमाही घरटे करतो.

या पंचांगाशेजारी आपल्या कामांचे पंचांग ठेवून पाहा. पावसाळ्यापूर्वीची छाटणी मे-जूनमध्ये होते. कुपाटीसाठी काट्या तोडणे, धुरे जाळणे आणि शेत साफ करणे ही कामे एप्रिल-मेमध्ये होतात. म्हणजे ढोलीतील आणि जमिनीवरील पाखरांच्या विणीच्या ऐन भरात आपण काम काढतो. ते लांबले, तर नेमके बगळे आणि सुगरण घरटी बांधत असताना आपण झाडावर चढतो. मुंबई-ठाण्याच्या परिसरात अशा छाटणीत बगळे व ढोकरी यांची पिल्ले रस्त्यावर पडून मेल्याच्या घटना गेल्या काही वर्षांत वारंवार घडल्या आहेत. सप्टेंबर २०२२ च्या प्रारंभी केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणासाठी एक मोठे झाड यंत्राने पाडण्यात आले. झाडावर घरटी भरलेली होती. झाड कोसळताच पिल्ले आणि पक्षी मोठ्या संख्येने चिरडून मेले. ते दृश्य देशभर पाहिले गेले आणि वनखात्याने गुन्हा नोंदविला. रस्ता व्हायचा होता आणि त्यासाठी झाड जाणारच होते. ते काही आठवड्यांनी गेले असते, तर रस्ता अडला नसता आणि ती पाखरे उडून गेली असती.

घरटी रिकामी दिसतात, पण...

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. नाव सुगरण असले तरी ते घरटे विणतो नर. ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळील किहीम येथे या पाखराचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. नर घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडले की नर ते पुरे करतो आणि मग दुसरे घरटे विणायला घेतो. त्यामुळे एकाच झाडावर अर्धी, पुरी, नापसंत आणि वसती असलेली घरटी शेजारी शेजारी असतात. खालून पाहणाऱ्याला ती सारखीच रिकामी वाटतात. 'जुनीच घरटी आहेत' असे म्हणून फांदी तोडण्यापूर्वी थोडा वेळ थांबून पाहिले, तर चोचीत चारा घेऊन मादी कोणत्या घरट्यात शिरते ते आपोआप कळते.

ढोलीचेही तसेच आहे. पोखरलेले, अर्धे वाळलेले खोड आपल्याला निरुपयोगी वाटते. वास्तविक अशी ढोली तयार होण्यास झाडाला अनेक वर्षे लागतात आणि बहुतेक पाखरांना ती स्वतः कोरता येत नाही. पिंगळा तिथे राहतो, तसेच गव्हाणी घुबडही राहते. उंदीर हे गव्हाणी घुबडाचे मुख्य खाद्य. घुबडाला अशुभ मानून आपण त्याची ढोली तोडतो आणि नंतर उंदरांसाठी विषारी गोळ्या विकत आणतो. नांगरामागून चालणारा गायबगळा आणि उंदीर खाणारी धामण हेही शेतकऱ्याचे बिनपगारी गडी आहेत. त्यांचे घर मोडणे हा हिशेबाच्या दृष्टीनेही तोट्याचाच व्यवहार आहे.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाचा अर्थ केवळ बंदुकीने मारणे असा नाही. वन्य पक्षी व सरपटणारे प्राणी यांच्या अंड्यांना इजा पोचविणे किंवा त्यांची अंडी व घरटी विचलित करणे याचाही त्या व्याख्येत समावेश आहे. झाडे तोडण्याचे नियमन करणारा राज्याचा १९६४ चा अधिनियम वेगळा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग अशा ठरावीक जातींच्या झाडांसाठी त्यान्वये परवानगी घ्यावी लागते. पण झाड तोडण्याची परवानगी म्हणजे त्यावरील घरटी मोडण्याची परवानगी नव्हे. उलट ज्या बाभळीवर आणि कडुलिंबावर आपल्याकडे बरीच घरटी असतात, ती झाडे त्या यादीत नाहीत. म्हणून कागदावर सर्व काही ठीक असूनही झाडावर गुन्हा घडू शकतो. कंत्राटदार आणि मुकादम यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

काम करण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. जी छाटणी आधीपासून ठरविता येते, ती मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे डिसेंबर ते मध्य जानेवारी या काळात करावी. या दिवसांत घरटी सर्वांत कमी असतात. मे-जूनसाठी केवळ धोकादायक फांद्या राखून ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट पाहणी. काम कोणत्याही महिन्यात असो, कुऱ्हाड उचलण्यापूर्वी सकाळच्या वेळी झाडाखाली पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ उभे राहावे. खाली पांढऱ्या विष्ठेचा सडा, अंड्यांची टरफले किंवा पिसे आहेत काय, एकच पाखरू पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येते काय, पिल्लांची चिवचिव ऐकू येते काय, हे पाहावे. ढोलीत बॅटरीचा उजेड टाकावा. पोपटाच्या ढोलीत धामणही असू शकते, म्हणून हात घालू नये.

तिसरी गोष्ट, घरटे सापडल्यास त्या फांदीला लाल फडके बांधून काम पुढे ढकलावे. सुगरणीला अंड्यांपासून पिल्ले उडेपर्यंत सुमारे महिना लागतो. बगळे आणि ढोकरी यांना साधारण दोन महिने. उशीर होतो तो एवढाच. फांदी खरोखरच धोक्याची असेल, तर वनखात्याला कळवून त्यांच्या देखरेखीखाली ती उतरवावी. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

चौथी गोष्ट, फांदी धाडकन खाली पाडू नये. ती दोराने बांधून, तुकड्यातुकड्याने उतरवावी. जेथे माणसाला धोका नाही तेथे वाळके खोड पुरुषभर उंचीचे उभे ठेवावे. पिल्लू पडलेच तर ते घरी नेऊन पाळू नये. शक्य असेल तर त्याच्या घरट्यात, नाहीतर त्याच झाडाला बांधलेल्या टोपलीत ठेवावे. पिल्लाचा आवाज ऐकून त्याची आई तेथे येते.

गवत आणि झुडपे काढतानाही हीच दृष्टी हवी. चारी बाजूंनी आत आत कापत गेल्यास ससे, तित्तर आणि रानमांजराची पिल्ले मधल्या पुंजक्यात कोंडली जातात. म्हणून एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या बाजूला वाट मोकळी ठेवावी. उसाच्या फडात रानमांजराची पिल्ले सापडली की बिबट्याची म्हणून गावात धावाधाव होते. वास्तविक पिल्ले कोणाचीही असोत, ती न हाताळता तेथेच ठेवणे आणि वनखात्याला कळविणे, हाच योग्य मार्ग. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात उसात सापडलेली बिबट्याची पिल्ले सापडल्या जागीच ठेवली जातात आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते, हे वनखात्याने अनेकदा दाखवून दिले आहे.

धुरे जाळण्याची चाल मात्र सोडूनच द्यावी. त्या आगीत टिटवी-तित्तराची अंडी, घोरपडी, गांडुळे आणि झाडाची बुडखे सारेच होरपळते. तेच गवत कापून खड्ड्यात टाकले तर खत होते. वेडी बाभूळ काढणे आवश्यकच आहे. पण ती एका दिवसात जेसीबीने सपाट न करता पट्ट्यापट्ट्याने, दोन-तीन वर्षांत काढावी आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात बोर, हिवर, करंज, उंबर लावावेत. म्हणजे आसरा एकदम नाहीसा होत नाही.

गावाने मनावर घेतले तर

हे सर्व गावाला झेपेल काय, अशी शंका कोणाच्या मनात येईल. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात कोक्करेबेल्लूर नावाचे गाव आहे. तेथे घरांच्या अंगणातील चिंचांवर पेलिकन आणि चित्रबलाक पिढ्यान्‌पिढ्या घरटी करतात. घरट्यांखाली विष्ठा पडते, चिंचा उतरविता येत नाहीत, तरी ग्रामस्थांनी ती झाडे राखली. वनखात्याने चिंचेच्या उत्पन्नापोटी झाडमालकांना मोबदला दिला आणि २००७ मध्ये गावाला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आपल्या राज्यात इंदापूर तालुक्यातील भादलवाडी तलावात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत असते. चिंच आणि बाभूळ ही झाडे आपल्याला काही नवी नाहीत.

ताडकळसपुरती एक सूचना करून मी माझे भाषण पुरे करतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ती नोंदवही कपाटात बंद राहू नये. शाळेतील मुलांना हाताशी धरून शिवारातील घरट्यांची झाडे, ढोलीची झाडे, वटवाघळांचे वड आणि बगळ्यांच्या वसाहती यांची यादी त्या वहीत करावी. रस्ता, कालवा किंवा वीजवाहिनीचे काम निघाले की ही यादी प्रथम संबंधित कार्यालयाच्या हाती द्यावी. पाहणी केल्याशिवाय छाटणी करू नये, अशी अट निविदेत घालण्याची मागणी करणारा ठराव ग्रामसभेने करावा. कोणत्या धुऱ्यावर पिंगळ्याची ढोली आहे, हे साहेबाला ठाऊक नसते, आपल्याला असते.

वाघाचे रक्षण करण्याची संधी आपल्यापैकी फारच थोड्यांना मिळेल. पण सुगरण, पिंगळा आणि चास यांचे रक्षण करण्याची संधी प्रत्येकाला वर्षातून अनेकदा मिळते, आणि ती मिळते ते हातात कोयता असताना. त्या क्षणी मान वर करून फांदीकडे एकवार पाहण्याची सवय या गावाला लागावी, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.