पडद्यावरची हडळ आणि घरातली लेक

(चिंचवड येथे कुटुंबमेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



भयपट हा विषय अशा व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. देवधर्म, शिक्षण, कुटुंब यांवर बोलावे. भुताखेतांच्या चित्रपटांवर काय बोलायचे? परंतु समाज कोणाला भितो आणि कोणाला भिववतो, यावरून त्याच्या मनाची परीक्षा होते. भयपटांकडे या दृष्टीने पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पडद्यावर किंकाळी फोडते ती बहुधा स्त्री आणि जिच्यामुळे किंकाळी फुटते तीही बहुधा स्त्रीच. तरुण मुलगी मारली जाते आणि मेलेली स्त्री भूत होऊन परत येते. या दोन्ही स्त्रिया आल्या कोठून, याचा शोध घेतला पाहिजे.

चित्रपट येण्यापूर्वी शेकडो वर्षे महाराष्ट्राच्या लोकमनात हडळ वावरत होती. जखीण होती, अळवंत होती. बाळंतपणात किंवा गरोदरपणी मरण आलेली स्त्री हडळ किंवा अळवंत होते, अशी समजूत गावोगाव होती. ही समजूत हसण्यावारी नेण्यापूर्वी तिच्या मुळाशी जावे. ज्या काळी अतिरक्तस्राव आणि सूतिकाज्वर यांवर इलाज नव्हता, त्या काळी घरोघरी तरुण सुना बाळंतपणात दगावत. त्याच लोकमनाने सटवाईचीही पूजा केली. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री ती येते आणि त्याच्या कपाळी भाग्य लिहिते, ही श्रद्धा त्याच धास्तीतून दृढ झाली. म्हणजे समाजाला बाळंतपणातील मृत्यूची जाणीव होती. मात्र मेलेल्या सुनेविषयी हळहळण्याऐवजी तो तिला भिऊ लागला. ती का मेली, तिला वेळेवर अन्न आणि विश्रांती मिळाली होती का, हे कोणी विचारले नाही. ती परत येऊ नये एवढीच काळजी घेतली गेली.

महाराष्ट्रात 2018 ते 2020 या काळातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे 33 इतके नोंदले गेले. संपूर्ण देशाचे प्रमाण त्याच काळात 97 होते. रुग्णालयातील प्रसूती, प्रशिक्षित परिचारिका आणि वेळेवर मिळणारे रक्त यांनी कोणत्याही मांत्रिकापेक्षा अधिक हडळींना मुक्ती दिली, असे म्हणावे लागेल.

चित्रपटांनी या लोकसमजुतीचे काय केले? हिंदी भयपटांची बाजारपेठ उभी केली ती रामसे बंधूंनी. 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ या त्यांच्या चित्रपटाचे चित्रीकरण आपल्या महाबळेश्वरला झाले. त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे 1984 चा ‘पुराना मंदिर’. त्याचे कथानक एका शापावर उभे आहे: राजघराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. गावाकडच्या अळवंतीचे भय येथे जसेच्या तसे शहरी पडद्यावर आले. परंतु कॅमेऱ्याचे लक्ष त्या माउलीच्या वेदनेकडे नव्हते. स्नानगृह, ओली वस्त्रे आणि घाबरलेली नायिका यांवर तिकिटे विकली जात होती. 1988 च्या ‘वीराना’त तर पुरुषांना भुलवून मारणारी सुंदर चेटकीण हेच मुख्य आकर्षण होते. प्रेक्षकाने आधी स्त्रीदेहाकडे टक लावून पाहावे आणि मग त्याच देहाला भ्यावे, हा या चित्रपटांचा साचा होता.

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास सुरीधारी खुन्यांच्या चित्रपटांची लाट आली होती. 1960 च्या ‘सायको’ने स्नानगृहातील हत्येचे दृश्य रूढ केले. 1978 च्या ‘हॅलोवीन’मध्ये सुरुवातीलाच कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांनी पाहतो आणि प्रेक्षकही नकळत त्याच्याबरोबर एका तरुणीच्या खोलीत शिरतो. अमेरिकी अभ्यासिका कॅरल क्लोव्हर यांनी 1992 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या चित्रपटांची बारकाईने चिकित्सा केली. मौजमजा करणाऱ्या, मित्राबरोबर एकांतात असणाऱ्या मुली एकामागून एक मारल्या जातात आणि शेवटी एकच सावध, संयमी मुलगी खुन्याशी झुंजून वाचते, हे त्यांनी दाखवून दिले.

सदाचारी मुलगी वाचते, मग यात गैर ते काय, असे एखादा पालक सहज म्हणेल. येथेच थांबून विचार करण्याची गरज आहे. या कथानकाचा अर्थ असा होतो की, जी मारली गेली तिची स्वतःचीच काही चूक होती. दोष खुन्याच्या सुरीकडून मुलीच्या वेळेकडे, कपड्यांकडे आणि सोबतीकडे सरकतो. स्त्रीच्या शीलाची काळजी वाहणाऱ्या समाजाने हा युक्तिवाद मुळीच स्वीकारता कामा नये. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा दोष व्यासांनी तिच्या माथी मारलेला नाही. महाभारत ते पाप दुःशासनाच्या आणि मौन बाळगणाऱ्या सभेच्या पदरात घालते.

पिंपरी-चिंचवडसारख्या नगरीत हा प्रश्न केवळ चित्रपटापुरता राहत नाही. चाकण ते हिंजवडी या पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेल्या हजारो मुली काम करतात. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 66 ने स्त्रियांना कारखान्यात सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळेत काम करण्याची मुभा दिली होती. महाराष्ट्राने 2015 मध्ये सुरक्षितता आणि वाहतुकीच्या अटी घालून रात्रपाळीचा मार्ग खुला केला. केंद्राच्या 2020 च्या संहितेतही स्त्रीच्या संमतीची अट ठेवून हीच दिशा स्वीकारलेली आहे. दुसरी पाळी संपवून रात्री उशिरा घरी येणारी लेक घर चालवते, धाकट्या भावाची फी भरते. रात्री बाहेर असलेली मुलगी म्हणजे संकट ओढवून घेणारी मुलगी, हा पडद्यावरचा धडा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनात मुरला, तर तिच्यावर प्रसंग आल्यावर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल. बंद असलेला रस्त्यावरचा दिवा, न आलेली कंपनीची बस आणि पाठलाग करणारा मनुष्य यांना मात्र कोणीच काही विचारणार नाही.

सर्वच भयपट याच वाटेने गेले असे नाही. 2003 साली ‘भूत’ या चित्रपटात ऊर्मिला मातोंडकर यांनी झपाटलेल्या विवाहितेची भूमिका केली. तिला झपाटणारी स्त्री कोण, याचा उलगडा होतो तेव्हा एका खून झालेल्या आईची कहाणी समोर येते आणि प्रेक्षकाचे भय करुणेत बदलते.

मराठीत त्याही पुढचे पाऊल टाकले ते विशाल फुरिया यांच्या 2017 च्या ‘लपाछपी’ने. पूजा सावंत यांनी साकारलेली नेहा ही गर्भवती. ती पतीसह उसाच्या फडातील एका एकाकी घरात येते. मुलांच्या खेळाचे आवाज, घरातील वडीलधारी तुळसाबाई आणि सभोवार माणसाला गिळून टाकणारा ऊस. या भयाच्या मुळाशी आहे मुलीचा जन्म नाकारणारी परंपरा. फुरिया यांनीच 2021 मध्ये तो ‘छोरी’ या नावाने हिंदीत केला.

या कथेसाठी उसाचाच फड का निवडावा लागला, हे महाराष्ट्राला सांगण्याची आवश्यकता नाही. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला. केंद्राचा कायदा 1994 साली आला. असे असूनही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची राज्यातील संख्या 2001 च्या जनगणनेत 913 होती, ती 2011 मध्ये 894 वर घसरली. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये ती 807 होती. हे आकडे ज्या समाजाचे आहेत, त्याला पडद्यावरच्या हडळीची भीती वाटावी यात विसंगती आहे. आणि हे केवळ अशिक्षितांचे पाप नाही. सोनोग्राफीचे पैसे मोजणारी घरे सुशिक्षित आणि मध्यमवर्गीयही होती.

‘लपाछपी’लाही एक मर्यादा आहे. त्यातील क्रौर्याचा प्रमुख चेहरा वृद्ध स्त्रीचा आहे. सासू हीच सुनेची वैरी, हे समीकरण प्रेक्षकाला सोयीचे वाटते. मुलगाच हवा हा हट्ट पुरुषांचाही असतो, जमिनीच्या वाटणीचा असतो, हुंड्याचा असतो. या दृष्टीने 2024 चा ‘मुंज्या’ विचारणीय वाटतो. आदित्य सरपोतदार यांच्या या चित्रपटातील भूत मुलग्याचे आहे आणि एका मुलीशी लग्न करण्याचा त्याचा हट्ट मरणानंतरही सुटत नाही. नकार न पचवू शकणारी वासना हेच येथे भूत आहे. विनोदाच्या आवरणाखाली मांडलेला हा विचार घरातील मुलग्यांपर्यंत पोहोचला पाहिजे.

आता कुटुंबाने काय करावे? चित्रपटगृहाच्या दारात प्रमाणपत्र पाहिले जाते. मोबाइलवर मध्यरात्री काय पाहिले जाते, ते घरातील कोणालाच ठाऊक नसते. 2021 च्या नियमांनुसार ओटीटीवरील चित्रपटांना वयोगटाची खूण असते. ती आई-वडिलांनी पाहावी. परंतु केवळ बंदीने काम भागत नाही. मुलांबरोबर बसून एखादा भयपट पाहावा आणि नंतर जेवताना काही प्रश्न विचारावेत. जी मेली तिला कोणी मारले? कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहत होता? भूत झालेल्या त्या बाईचे नाव तरी शेवटी कळले का? मुलगा असो वा मुलगी, हे प्रश्न दोघांनाही विचारावेत. मुलाला थोडे अधिक आग्रहाने.

नवरात्रात आपण महिषासुरमर्दिनीची आरती करतो. तिचे रूप उग्र आहे, तरी तिच्यासमोर लहान मुले निर्धास्त उभी राहतात, कारण तिचे शस्त्र कोणावर उगारलेले आहे हे त्यांना माहीत असते. स्त्रीच्या उग्र रूपाला आई म्हणणारी ही परंपरा ज्यांना आपली वाटते, त्यांच्यावर जबाबदारीही तेवढीच मोठी आहे. रात्रपाळीहून येणाऱ्या लेकीसाठी दार उघडताना तिला उशीर का झाला, हे विचारण्याआधी ती जेवली का, हे विचारावे. आणि सुनेच्या पोटी मुलगी आली तर त्या दिवशीही शेजाऱ्यांना पेढेच वाटावेत.