पदवीधराचा अर्ज

पदवीदान-समारंभाचा झगा परत करून पदवीधर घरीं येतो, आणि थोड्याच दिवसांत त्यास कळून चुकतें कीं एक परीक्षा अद्याप राहिलीच आहे. ही परीक्षा त्याच्या बुद्धीची नसते. ती घरच्या कपाटांतील कागदपत्रांची असते. नोकरीचा अर्ज ऑनलाइन भरणें, हें तिचें नांव.

श्रोत्यांपैकीं वडील मंडळींस जुना अर्ज आठवत असेल. फुलस्केप कागद, शक्य तितकें वळणदार अक्षर, प्रमाणपत्रांच्या खऱ्या नकला आणि त्यांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. त्या सहीसाठीं चार हेलपाटे पडत. पण अर्ज वाचणारा माणूस असे. एकच आडनांव दोन कागदांवर दोन तऱ्हांनीं लिहिलेलें दिसलें, तरी मनुष्य एकच, एवढें त्यास उमगे. यंत्राला ही समजूत नाहीं.

म्हणून पहिली अडचण नांवाचीच. आपल्याकडील शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आधीं आडनांव, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें. अर्जांत पहिलें, मधलें व शेवटचें अशीं तीन निराळीं घरें. आधार-पत्रावर वडिलांच्या नांवाचें केवळ आद्याक्षर, आणि पदवीपत्रावर इंग्रजी स्पेलिंगांत एक अक्षर अधिक! विवाहित मुलीची स्थिति तर याहून बिकट. पदवी माहेरच्या नांवाची, आधार सासरच्या. अशा वेळीं विवाह-नोंदणीचा दाखला, किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रांत प्रसिद्ध झालेला नांवबदल जवळ असावा लागतो, आणि तो एका रात्रींत होत नाहीं. १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्यांच्या नांवांत वडिलांच्या आधीं आईचेंहि नांव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्रांत झाला आहे. निर्णय उचितच, मात्र तीं बालकें पदवीधर होतील तेव्हां तीन घरांत चार नांवें कशीं बसवावयाचीं, याचा विचार अर्ज आंखणाऱ्यांनीं आतांपासूनच करावा.

दुसरी अडचण गुणांची. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेंत श्रेणी-गुणांची सरासरी असते. अर्ज मागतो टक्के, तेहि दोन दशांश स्थळांपर्यंत. रूपांतराचें सूत्र प्रत्येक विद्यापीठाचें आपापलें. एखाद्या मुलीचा हिशेब ५९.९९ येतो, आणि जागेस अट असते ६० ची. शेजारीं चष्मा लावून बसलेले वडील सहज म्हणतात, "अगं, साठच लिही. एवढ्याशासाठीं कोण विचारतो?" मुलगी उत्तरते, "बाबा, विचारतात." तिचें म्हणणें खरें आहे. बँकांच्या भरतीच्या सूचनांत ५९.९९ टक्के हे ६० हून कमीच धरले जातील, असें मुद्दाम छापलेलें असतें. आणि खोटी माहिती पुढें केव्हांहि उघड झाली, तर झालेली निवडहि रद्द होऊं शकते. वडिलांनीं तो शंभरावा अंश मायेपोटीं वाढविला असता. पण त्याखालीं सही मुलीची असते.

ही सहीहि मोठी मौजेची वस्तु आहे. आयबीपीएस ही संस्था २०११ पासून अनेक सरकारी बँकांसाठीं सामाईक परीक्षा घेत आली आहे. तिच्या अर्जासाठीं छायाचित्र २० ते ५० किलोबाइटांचें, सही १० ते २० किलोबाइटांची, शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि 'दिलेली माहिती खरी आहे' असें स्वतःच्या हातानें कागदावर लिहिलेलें इंग्रजी प्रतिज्ञापत्र लागतें. मोठ्या लिपींत केलेली सही चालत नाहीं. लिहिण्याचा सारा व्याप यंत्रावर सोंपवून शेवटीं यंत्र मागतें काय, तर मनुष्याचें हस्ताक्षर व अंगठा! यांत हेतु आहे. परीक्षेच्या व मुलाखतीच्या वेळीं समोर आलेला उमेदवार तोच कीं अन्य, हें ताडून पाहतां यावें. घाईनें कशीतरी ओढलेली सही म्हणूनच पुढें नडते.

घरीं संगणक नसला कीं पदवीधर नाक्यावरच्या सायबर कॅफेंत जातो. दुकानदार सराईत असतो, बोटें भराभर चालतात, आणि कधीं कधीं मोबाइल क्रमांकाच्या घरांत तो स्वतःचाच क्रमांक टाकून मोकळा होतो. पुढें परवलीचा आंकडा, प्रवेशपत्राची सूचना, सारें त्याच्याकडे जातें. उमेदवार घरीं वाट पाहत राहतो. एवढें एक घर तरी स्वतः वाचल्याखेरीज खुर्चीवरून उठूं नये.

आणि शेवटची तारीख. त्या रात्रीं हजारों उमेदवार एकाच दाराशीं लोटतात. पान उघडत नाहीं, उघडलें तर पुढें सरकत नाहीं. शुल्क खात्यांतून गेलेलें असतें. पावती मात्र उमटत नाहीं. आई दुधाचा पेला टेबलावर ठेवून हळूच विचारते, "झालं का रे?" घड्याळांत अकरा वाजून चाळीस मिनिटें झालेलीं असतात, आणि पैसे दुसऱ्यांदा भरावे कीं थांबावें, याचा निर्णय मुलाला एकट्यालाच करावयाचा असतो.