लाल हापसा, हिरवा हापसा

'त्याने सगळ्या कामावर हरताळ फासला' असे आपण बोलता बोलता म्हणून जातो. हा हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचे एक खनिज. पूर्वी पोथ्या लिहिणारे लेखनिक चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप लावीत. अक्षर दिसेनासे होई आणि त्यावर पुन्हा लिहिता येई. या हरताळात गंधकाच्या जोडीला दुसरे एक मूलद्रव्य असते, त्याचे नाव आर्सेनिक. तांबडी मनशीळ ही त्याच कुळातली. आणि जुन्या गोष्टींत ज्याची पुडी हळूच दुधात पडते तो सोमल, तोही आर्सेनिकचाच.

गोष्टीत पुडी टाकणारा कोणी तरी वैरी असतो. आज ज्या विषाबद्दल मी सांगणार आहे, ते कोणी टाकलेले नाही. ते जमिनीत होते. माणसाने भल्या हेतूने नळी खाली घातली आणि ते वर आले.

1983 साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. क्षितीशचंद्र साहा या त्वचारोगतज्ज्ञांकडे खेड्यांतून काही रोगी आले. अंगावर, विशेषतः छातीवर, धुळीत पावसाचे थेंब पडावेत तसे काळेपांढरे ठिपके. तळहात आणि तळपाय खरखरीत, त्यांवर भोवऱ्यांसारखे कठीण उंचवटे. गावात अशा माणसाकडे बघून लोक काय म्हणणार? महारोग! डॉक्टरांनी मात्र ओळखले की हा महारोग नव्हे, ही फार दिवस, थोडेथोडे करून पोटात गेलेल्या आर्सेनिकची खूण आहे. मग ते आले कुठून याचा शोध सुरू झाला, आणि बोट जाऊन थांबले ते अंगणातल्या हापशावर.

हा हापसा तिथे का आला, तेही समजून घेतले पाहिजे. बंगाल म्हणजे तळ्यांचा मुलूख. दारापुढे पुकुर, म्हणजे तळे. त्यातच अंघोळ, त्यातच भांडी, त्यातच गुरे, आणि तेच पाणी प्यायला. पटकी आणि हगवण यांनी मुले जात. म्हणून 1970 नंतरच्या काळात सरकारांनी आणि युनिसेफसारख्या संस्थांनी घरोघर सांगितले की तळ्याचे पाणी सोडा, नळीचे प्या. लोकांना ते पटले. पुढे तर लोक स्वतःच्या पैशाने कूपनलिका घालू लागले. मऊ गाळाची जमीन, एका दिवसात नळी खाली जाते. मुलगी द्यायची त्या घरी हापसा आहे ना, असे विचारण्याइतकी ती प्रतिष्ठेची वस्तू झाली म्हणा ना! जंतूंसाठी पाणी तपासले जात होते. आर्सेनिकसाठी तपासावे असे कोणाच्या मनात आले नाही. आता मागे वळून दोष देणे सोपे आहे. मला स्वतःला वाटते, तळ्याच्या पाण्यापासून लोकांना दूर केले ही चूक नव्हती. पर्यायी पाणी पुरते न तपासता दिले, ही चूक होती.

विष खाली आले कसे? हिमालयाचे खडक झिजतात, त्यांचा गाळ गंगा आणि ब्रह्मपुत्रा हजारो वर्षे खाली आणून पसरतात. वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचे पातळ कवच असते आणि त्या गंजाला आर्सेनिक चिकटून बसलेले असते. ते तसेच राहिले असते तर कोणाला त्रास नव्हता. पण या गाळात पालापाचोळा आणि कुजलेली वनस्पतीही गाडली गेली. खाली हवा नाही. अशा जागी सूक्ष्म जंतू त्या कुजक्या द्रव्यावर जगतात आणि श्वासासाठी प्राणवायूऐवजी गंजाचा उपयोग करतात. गंज विरघळतो, त्याला धरून बसलेले आर्सेनिक सुटते आणि पाण्यात उतरते.

एक गंमत पाहा. गंज शाबूत असेल तर वाळू तांबूस-पिवळी दिसते, गंज गेला की करडी. नळी घालणारे कारागीर, ज्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नाही, ते वर आलेल्या वाळूचा रंग रोज पाहात होते. शास्त्रज्ञांनी पुढे बांगलादेशातल्या मतलब भागात त्यांच्याच बरोबर बसून ताडून पाहिले. तांबूस वाळूतले पाणी बहुतेक चांगले निघाले, करड्यातले पुष्कळदा वाईट.

आता मोजमाप. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 साली पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅमवर आणली. हा आकडा कानावरून जातो, म्हणून दुसऱ्या तऱ्हेने सांगतो. दहा हजार लिटरचे दहा टँकर उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक टाका. झाली मर्यादा. बांगलादेशाने आपली मर्यादा 50 ठेवली आहे, म्हणजे त्याच्या पाचपट. आणि तरीसुद्धा, ब्रिटिश भूगर्भ खात्याच्या साहाय्याने 1998-99 मध्ये देशभर साडेतीन हजार विहिरींचे पाणी तपासले, तेव्हा उथळ विहिरींपैकी 27 टक्के त्या सैल मर्यादेच्याही वर निघाल्या.

असे पाणी ओळखावे कसे? डोळ्यांना ते नितळ दिसते, आर्सेनिकला ना चव ना वास. आपल्याला पाण्याची शंका आली की आपण ते उकळतो. इथे उकळून उपयोग नाही. वाफ उडून जाते, विष भांड्यातच राहते, म्हणजे उलट थोडे दाटच होते. ब्लीचिंग पावडर जंतू मारते, पण आर्सेनिक हा काही जंतू नव्हे. शरीरही लवकर तक्रार करीत नाही. दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या अँटोफगास्टा शहराला 1958 पासून 1970 पर्यंत आर्सेनिकचे पाणी मिळाले. नंतर शुद्धीकरण केंद्र बसले, पाणी सुधारले. पण फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यानंतरही कित्येक वर्षे जास्तच राहिले. या विकारावर असे औषध नाही की घेतले आणि बरे झाले. चांगले पाणी आणि पोटभर, कसदार अन्न हाच खरा उपाय. तोही वेळेवर मिळाला तर.

म्हणून पहिले काम तपासणीचे. 1836 साली जेम्स मार्श नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने विषप्रयोग पकडण्यासाठी एक परीक्षा शोधून काढली होती. तिचीच धाकटी बहीण आज एका छोट्या पेटीत मावते. बाटलीत हापशाचे पाणी घ्यायचे, त्यात आम्लाची पूड आणि जस्ताची पूड टाकायची, आणि झाकणात एक रासायनिक कागदाची पट्टी अडकवायची. पाण्यात आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होऊन वर येतो आणि पट्टी पिवळी, अधिक असेल तर तपकिरी होते. रंग तक्त्याशी जुळवायचा. दहा-वीस मिनिटांचे काम, पण वायू विषारी, म्हणून ते उघड्या हवेतच करायचे. हे शिकायला पदवी लागत नाही. गावातली मुले-मुली ते करू शकतात, आणि त्यांनी केलेही. 2000 ते 2003 या काळात बांगलादेशात सुमारे 50 लाख हापसे तपासले गेले. चांगल्याचे तोंड हिरवे रंगवायचे, वाईटाचे लाल. सुमारे 14 लाख हापसे लाल झाले.

आता मी ज्यासाठी हे सगळे सांगतो आहे ती गोष्ट. ढाक्याजवळ अराइहाजार नावाचा भाग आहे. तिथे अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी स्थानिक सहकाऱ्यांसह 25 चौरस किलोमीटरांतल्या सुमारे 6,000 हापशांची एक ना एक नोंद केली. असे दिसले की एका घरचा हापसा लाल तर पलीकडच्या अंगणातला हिरवा. जमिनीखालचा गाळ इतका सरमिसळ. जवळजवळ निम्मे लोक वाईट पाणी पीत होते, आणि तरी शेकडा 90 लोकांच्या घरापासून शंभर मीटरांच्या आत कुठे तरी चांगला हापसा होता. म्हणजे पुष्कळांना औषध शेजारच्या अंगणातच होते. ना यंत्र लागत होते, ना निधी. 'वहिनी, एक घागर भरून नेऊ का?' एवढे विचारायचे होते.

पण हे विचारणे किती अवघड असते, ते तुम्हाला मी सांगायला नको. शेजाऱ्याशी बांधावरून वाद असतो. तरुण सुनेने परक्या अंगणात जायचे नाही, असा धाक असतो. हापसा खराब झाला तर दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे? आणि ज्याचा हिरवा, त्याला वाटते की सगळे गाव आपल्याच दारात उभे राहणार. तरीही त्या भागात ज्यांना आपले पाणी वाईट असल्याचे कळले, त्यांपैकी सुमारे 60 टक्के घरांनी वर्षाच्या आत दुसरा हापसा धरला. पाण्यासाठी चालण्याचा वेळ कितीतरी पटींनी वाढला, तो त्यांनी, म्हणजे मुख्यतः बायकांनी, सोसला. बाकीचे 40 टक्के तिथेच राहिले. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे मला बरे वाटत नाही. त्यांतल्या काहींनी विचारले असेल आणि 'नाही' ऐकून परत आले असतील.

जिथे सगळेच हापसे लाल, तिथे गाळणीकडे वळावे लागते. बांगलादेशात कुष्टियाच्या अबुल हुसम यांनी लोखंडाचा चुरा, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे यांची घरगुती गाळणी केली. गंज आर्सेनिक धरतो हा निसर्गाचाच गुण त्यांनी माणसाच्या बाजूला वळवला. तिला 2007 मध्ये अमेरिकेत मोठे पारितोषिक मिळाले. पश्चिम बंगालात अरूप सेनगुप्ता आणि शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मंडळी यांनी 1997 पासून गावच्या हापशालाच जोडायचे गाळणीचे उभे टाके बसवले आणि ते गावच्या समितीच्या हाती दिले. समिती वर्गणी गोळा करते, टाके धुवायला माणूस ठेवते. हे वरवर साधे वाटते. पण त्याच प्रदेशात कंत्राटाने बसवलेली कितीतरी यंत्रे पाहणीत बंद किंवा निकामी सापडली आहेत. यंत्र बसवताना फोटो निघतो, ते धुवायचे कोणी ते ठरलेले नसते.

खोल नळीचा उपाय आणखी चांगला. दीडशे मीटरांखालच्या जुन्या वाळूत सहसा आर्सेनिक नसते. पण खोल नळी महाग, म्हणून ती सरकारने द्यायची, आणि ती बसायची कुणाच्या अंगणात? ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 2016 मध्ये बांगलादेशाविषयी लिहिले, त्यात हेच म्हणणे होते की पुष्कळ नळ्या पुढाऱ्यांच्या आणि त्यांच्या मर्जीतल्या लोकांच्या दारी गेल्या. हा वाचक मराठी असला तरी त्याला यात नवल वाटणार नाही.

गंगेच्या वरच्या अंगाला बिहारातही हेच पाणी आहे. भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझापट्टीत ते 2002 मध्ये सापडले. त्या बाजूला पुढे एक प्रयोग झाला. तपासणी फुकट न देता घरोघर विकायची. दहा रुपयांना देऊ केली तेव्हा शंभरात 69 घरांनी घेतली, पन्नास रुपयांना केली तेव्हा अवघ्या 22 घरांनी. आणि काही काळाने पुन्हा जाऊन विचारले तर काही घरांना, विशेषतः ज्यांचे पाणी वाईट निघाले होते त्यांना, आपला निकाल आठवत नव्हता. लाल रंगही दोन-चार पावसाळ्यांत उडून जातो. नवा हापसा बसतो तो तर कोराच असतो.

आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या फत्तरावर आहे, गंगेचा गाळ इथे नाही. पूर्वेला, गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडातल्या कौडीकसा भागात खडकांतून आलेले आर्सेनिक आहे. आणि आपल्या यवतमाळ-चंद्रपुराकडे दुसरे दुखणे आहे, फ्लोराइडचे. दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडे आखडतात. तेही तसेच, डोळ्यांना न दिसणारे, आणि एका विंधणविहिरीत आहे तर दुसरीत नाही असे. 2019 पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवायचे ठरले आहे. तुमच्या गावात त्या पाचजणी कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा. तुमच्या हापशाचा आकडा त्यांच्या वहीत असेल तर तो उतरून घ्या, नसेल तर बाटली भरून त्यांच्याकडे न्या.