'व्हॉल्व्ह टाकलाय, काळजी नको'

आज कडावहून, घरूनच बोलतोय. विषय ऐकायला रुक्ष वाटेल: पाईपातलं पाणी उलटं जाऊ नये म्हणून बसवायचा व्हॉल्व्ह, आणि तो कुणाकडून बसवून घ्यायचा. पण यात माझी स्वतःची एक चूक आहे, म्हणून सांगतोच.

दोन वर्षांपूर्वी घरामागे बोअर मारली. ते पाणी झाडांना, धुण्याभांड्याला. पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं, अंगणातल्या नळावर भरायचो. गच्चीवर टाकी एकच. ओळखीतून एक जण काम करायला आला. त्यानं दोन्ही लाईन एका टीवर जोडल्या आणि म्हणाला, "मध्ये व्हॉल्व्ह टाकलाय, काळजी नको." मीही काही विचारलं नाही. एका दिवसात काम झालं, पैसे कमी घेतले, मी खूश!

पावसाळ्यात एका सकाळी शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, आज पाणी सोडलेलं नाही ना? मग आमच्या नळाला कसं येतंय? आणि गढूळ आहे." माझी बोअरची मोटर चालू होती. मी ती बंद केली. त्यांचा नळ थांबला.

बघा काय होत होतं. पंचायतीची लाईन रिकामी, तिच्यात दाब नाही. माझ्या मोटरीचा दाब जोरदार. व्हॉल्व्हच्या झडपेत प्लास्टिकचा एक तुकडा अडकलेला, त्यामुळे ती पूर्ण मिटतच नव्हती. पाणी वर टाकीत चढत होतंच, शिवाय गावाच्या लाईनीत शिरत होतं. नंतर बोअरचं पाणी तपासून घेतलं. अहवाल आला, पिण्यास अयोग्य.

त्याच आठवड्यात वहिनींचा नातू चार दिवस जुलाबानं झोपून होता. माझ्याच पाण्यानं झालं, असं कुणी सिद्ध करू शकत नाही. नाही झालं, असं मीही म्हणू शकत नाही.

पाणी दोन कारणांनी उलटं फिरतं. एक, पुढून जास्त दाब आला तर. माझ्याकडे तेच झालं. दुसरं, मागून ओढ बसली तर. आपल्याकडे पाणी तासभर येतं आणि जातं. जाताना रिकामी होणारी लाईन मागे ओढते. त्यात कुणी थेट नळाला मोटर लावली तर ओढ वाढते. अशा वेळी तुमच्या नळाची नळी फवारणीच्या पिंपात बुडालेली असेल तर? ते औषध गावाच्या पाईपात जाऊ शकतं.

ही फक्त खेड्यातली गोष्ट नाही. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन हॉटेलांत सदोष नळजोडणीमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. आमांशानं चौदाशेच्या आसपास लोक आजारी पडले, ९८ दगावले.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हवेची मोकळी जागा. टाकीत पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं, त्याच्या वर नळाचं तोंड ठेवायचं: पाईपाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर, आणि कमीत कमी २५ मिलिमीटर. हवेतून पाणी मागे ओढलं जात नाही. बोअर आणि पंचायतीच्या लाईन वेगळ्याच ठेवा. मी आता तेच केलंय.

आपल्या कर्जत भागात रिसॉर्ट आहेत, फार्महाऊस आहेत. कुठे पोहण्याचा तलाव, कुठे ठिबकमधून खत सोडतात. तिथे साधा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पुरत नाही, बॅकफ्लो प्रिव्हेंटर लागतो. त्यातल्या पक्क्या प्रकारात एकामागे एक दोन झडपा आणि मध्ये एक सुटकेची झडप असते. आतल्या झडपा गळाल्या तरी पाणी बाहेर सांडतं, मागे जात नाही. त्यावर चाचणीसाठी छोटे नळ असतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी प्रमाणपत्र असलेला माणूस दरवर्षी येऊन ते तपासतो.

मुंबईत महापालिका प्लंबरला परवाना देते. गावात परवाना कोण विचारतो? म्हणून आपणच विचारायचं. नळ कारागिराचा आयटीआयचा कोर्स केलाय का? प्रमाणपत्र दाखवा. लाईन कागदावर काढून दाखवा. बिल द्या. आणि काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या माणसाला दाखवा.

शेवटी चाचणी. व्हॉल्व्हच्या पंचायतीकडच्या बाजूला एक छोटा नळ ठेवायला सांगा, आणि त्याच्याही मागे एक कॉक. कॉक बंद करा, घरची मोटर चालू करा, छोटा नळ उघडा. पाईपात उरलेलं थोडं पाणी येईल आणि थांबेल. धार चालूच राहिली तर व्हॉल्व्ह गळतोय. ही चाचणी पैसे देण्याआधी, तुमच्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे. पुढे दर पावसाळ्याआधी पुन्हा.

वहिनींना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला वाटलं पंचायतीनंच सोडलं."

आपला नळ आपल्या घरात संपत नाही, मंडळी. आज जाऊन तुमच्या लाईनीवर एकदा नजर टाका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.