बुटाचे जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मागच्या महिन्यात मंडळाच्या सभागृहात आपण चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ हा मूक विनोदी चित्रपट पाहिला. बर्फात अडकलेले दोन उपाशी जीव बूट शिजवून खातात, तो प्रसंग आला आणि सगळ्याजणी पोट धरधरून हसल्या. शेवटच्या ओळीतल्या एक आजी मात्र हसल्या नाहीत. चहाच्या वेळी त्या मला म्हणाल्या, “अगं, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. भुकेत हसण्यासारखे काय असते?”

मला उत्तर सुचले नाही. घरी गेल्यावर या चित्रपटाविषयी मिळेल ते वाचून काढले. आज आजी समोर बसल्या आहेत, तेव्हा जे सापडले ते सांगते.

चित्रपटाची कथा आहे कॅनडातल्या क्लोंडाइकची. तेथे १८९६ साली सोने सापडले आणि हजारो माणसे घरदार सोडून धावली. अलास्कातल्या चिलकूट खिंडीतून बर्फावर मुंग्यांसारखी रांग लावून चढणाऱ्या माणसांची छायाचित्रे चॅप्लिनने आपले मित्र डग्लस फेअरबँक्स यांच्या घरी पाहिली. त्याच सुमारास डॉनर तांड्याची हकीकत त्याच्या वाचनात आली. १८४६ सालच्या हिवाळ्यात बायकामुलांसह निघालेला हा तांडा कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात अडकला. त्यांनी चामडे उकडून खाल्ले आणि शेवटी मेलेल्या सोबत्यांचे देहसुद्धा. ८७ माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावली. आपल्याला हसवणारा तो बूट मुळात या हकीकतीतून आला आहे.

चित्रीकरणासाठी चॅप्लिन अलास्काला गेलाच नाही. एप्रिल १९२४ मध्ये आपली मंडळी घेऊन तो कॅलिफोर्नियातल्या ट्रकी या गावी गेला. डॉनर खिंड तेथून जवळच. म्हणजे ज्या डोंगरात ती माणसे उपासमारीने मेली, त्याच डोंगरात हा चित्रपट उभा राहिला. आरंभी खिंड चढणारी माणसांची लांब रांग दिसते ना, ती खऱ्या बर्फातली. त्यासाठी सुमारे ६०० माणसे आगगाडीने सॅक्रमेंटोहून आणली होती. त्यांतले बरेचजण बेघर, भटके. सोन्याच्या आशेने चढणाऱ्यांची सोंगे अशी खऱ्याच गरजूंनी वठवली.

पुढे मात्र बहुतेक सारा चित्रपट हॉलिवूडमधल्या चॅप्लिनच्या स्टुडिओत झाला. तेथले ऊन आपल्या चैत्र-वैशाखासारखे! बर्फाचे डोंगर लाकडी सांगाड्यावर जाळी आणि गोणपाट ठोकून केले. वर २०० टन प्लास्टर, २८५ टन मीठ आणि १०० पिंपे पीठ पसरले. एवढे पीठ पायदळी गेलेले ऐकून कोणत्या गृहिणीच्या जिवाला चटका लागणार नाही?

आता बूट कशाचा होता ते सांगते. तो होता ज्येष्ठमधाचा! घसा बसला की आपण जी काडी तोंडात धरतो, त्याच ज्येष्ठमधापासून केलेल्या गोळ्यांच्या जातीचा. नाड्याही त्याच्याच. चॅप्लिन त्या शेवयांसारख्या गुंडाळून खातो आणि खिळे हाडकासारखे चोखतो. हा एक प्रसंग मनासारखा उतरेपर्यंत तीन दिवस गेले आणि ६३ वेळा चित्रीकरण झाले. ज्येष्ठमध पोटाला किती सारक, हे आपल्या आज्यांना ठाऊकच आहे. चॅप्लिन आणि त्याचा सोबती मॅक स्वेन दोघांनाही त्याचा चांगलाच प्रसाद मिळाला! भुकेल्या सोबत्याला चॅप्लिन कोंबडीसारखा दिसू लागतो, तेव्हा त्या पिसांच्या पोशाखातही चॅप्लिन स्वतःच आहे.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. नायिकेच्या कामासाठी प्रथम घेतली होती लिटा ग्रे नावाची मुलगी. करार झाला तेव्हा तिला सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. चित्रपट निम्म्यावर असताना तिला दिवस गेले. चॅप्लिन त्या वेळी पस्तिशीचा. नोव्हेंबर १९२४ मध्ये त्याने मेक्सिकोत जाऊन तिच्याशी लग्न केले आणि तिची भूमिका जॉर्जिया हेलला दिली. १९२७ साली घटस्फोट झाला. पडद्यावरची जॉर्जिया आपल्याला आवडली, पण तिच्या जागी आधी एक शाळकरी वयाची पोर होती, हे बायकांच्या सभेत तरी विसरले जाऊ नये. कलावंत मोठा म्हणून त्याची चूक लहान होत नाही.

आता आजींचा प्रश्न. क्लोंडाइकला सोने सापडले त्या १८९६ सालीच लंडनमध्ये सात वर्षांचा चार्ली आपल्या आईबरोबर आणि थोरल्या भावाबरोबर ‘वर्कहाउस’मध्ये दाखल झाला. ज्यांना खायला नाही त्यांना काम करवून पोसणारी ती संस्था. तेथे आई एकीकडे आणि मुले दुसरीकडे. आई हॅना मूळची गायिका. आवाज गेला, तेव्हा शिवणकाम करून तिने मुलांना वाढवले. पुढे तिच्या मनाचा तोल गेला. चार्लीला यश मिळाल्यावर १९२१ मध्ये मुलांनी तिला कॅलिफोर्नियात आणले. १९२८ साली ती वारली. ‘द गोल्ड रश’ पहिल्यांदा दाखवला गेला २६ जून १९२५ रोजी. म्हणजे लेकाचे नाव झालेले पाहायला ती होती.

तेव्हा आजी, माझे उत्तर असे. दुसऱ्याच्या भुकेला हसणे हे पाप, यात शंका नाही. पण हा माणूस स्वतःच्या भुकेला हसतो आहे. बूट वाढताना तो ताट पुसतो, रीत पाळतो, सोबत्याबरोबर वाटून खातो. उपाशी माणसाची माणुसकी सुटलेली नाही, एवढेच त्याला दाखवायचे आहे. तुम्हीही मिलोची भाकरी चार घासांत वाटूनच खाल्ली असेल. आपण हसलो ते भुकेला नव्हे, त्या वाटून खाण्याला हसलो, आणि त्या हसण्यात थोडे पाणी डोळ्यांतलेही होते.

हा चित्रपट १९४२ साली चॅप्लिनने स्वतःच्या आवाजात निवेदन आणि संगीत घालून पुन्हा काढला. आपली आठवण याच चित्रपटाने राहावी, असे तो म्हणत असे.

पुढच्या वेळी आपण तो पुन्हा लावू. आजींनी पहिल्या ओळीत बसावे, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.